बोट ठेवायला जागा

मावशीला शिवमंदिराचा व्हिडिओ दाखवत होतो. तिचं सगळं आयुष्य अंबरनाथ पूर्वेत गेलं, पण गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून ती महाशिवरात्रीलाही देवळाकडे फिरकत नाही. म्हणून मीच बारा मिनिटांची एक फीत केली होती. फाटकातून आत, मग नंदी, मग बाहेरच्या भिंतीला धरून सावकाश प्रदक्षिणा. फोन तिच्या हातात होता. कॅमेरा एका कोनाड्याशी रेंगाळला तशी ती पुढे वाकली आणि आतल्या मूर्तीवर तिने बोट ठेवलं. व्हिडिओ थांबला.

“अगंबाई, बंद पडलं का रे?”

“नाही मावशी, बोट लावलं की थांबतंच ते.”

“थांबायला कुठे सांगितलं मी? ही कोण, ते विचारत होते.”

“मग मला विचार ना.”

“तू काय रोज असणार आहेस जवळ?”

ही पुस्तिका त्या दुपारची. व्हिडिओच्या चित्रात, नेमक्या जागी आणि नेमक्या क्षणी, बोट लावल्यावर पुढची माहिती उघडेल असा दुवा कसा ठेवायचा, एवढाच तिचा विषय. कृती आतल्या पानांत सविस्तर आहे: स्वतःच्या वेबपानावर कसं करायचं, यूट्यूबवर किती जमतं, किती जमत नाही. ती सगळी इथे उगाळत बसत नाही. प्रस्तावनेत मला थोडं मागचं सांगायचंय, आणि एक आग्रह मांडायचाय. तो आग्रह कोणाला अतिरेकी वाटेल, पण तो मी बरीच किंमत मोजून शिकलोय.

आधी शब्दाबद्दल. बोलताना मी लिंकच म्हणतो. रिक्षावालाही ‘लिंक पाठवा साहेब’ म्हणतो. लिहिताना मात्र दुवा बरा वाटतो. मराठी विकिपीडियाने ‘बाह्य दुवे’ हे मथळ्याइतकं साधं करून टाकलंय, त्यामुळे शब्द परका राहिलेला नाही. शिवाय त्यात एक गंमत आहे. साखळीतली कडी तो दुवा, आणि म्हातारी माणसं आशीर्वाद देतात तोही दुवा, फक्त तो अरबी-फारसीच्या वाटेने आलेला. मावशी मागत होती तो पहिला. तो मिळाला तर दुसरा ती आपणहून देईल.

पुस्तकातल्या तळटिपेचं एक सुख असतं. ती वाट बघते. तुम्ही वाचा, नका वाचू, चहा पिऊन येऊन वाचा, ती पानाच्या तळाशी बसून असते. वेबपानावरचा दुवाही तसाच, निळ्या अक्षरांत एका जागी बसलेला. चालत्या चित्रातल्या दुव्याला हा निवांतपणा नाही. त्याला जागा लागतेच, शिवाय वेळही लागते. मेल गाडी न थांबता अंबरनाथवरून धडधडत जाते तेव्हा फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला डब्यावरची पाटी वाचता येत नाही. पाटी असते, अक्षरं ठळक असतात, तरी वाचता येत नाही. व्हिडिओत दुवे घालणारे बहुतेक नवखे लोक हीच चूक करतात. दुवा आहे, दिसतो, आणि बोट पोचेपर्यंत निघून गेलेला असतो.

खरं तर चित्रावर बोट ठेवून गोष्ट पुढे नेणं आपल्याकडे काही नवं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी हेच करत आले. एका आख्यानाच्या चित्रांचा जो संच, त्याला ते पोथीच म्हणतात. सुटी चित्रं एकामागून एक समोर धरायची, वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीने प्रसंग गायचा-सांगायचा आणि मग पुढचं चित्र. चित्र किती वेळ समोर ठेवायचं हे समोर बसलेल्यांच्या चेहऱ्यावरून ठरे. कुणी मधेच काही विचारलं तर सांगणारा थांबे, उत्तर देई, परत मूळ ठिकाणी येई. कीर्तनकाराचंही तेच. दृष्टांतात शिरलेला बुवा कितीही लांब भटकला तरी अभंगाच्या धृपदावर परत येतो, आणि श्रोत्यांना आपण कुठून निघालो होतो याची आठवण राहते. परत आणण्याची ही जबाबदारी व्हिडिओत दुवा घालणारे सहसा विसरतात. दुवा दाबला, दुसरं पान उघडलं, मूळ फीत मागे एकटीच चालू राहिली. प्रेक्षक परत येतो तेव्हा देऊळ संपून श्रेयनामावली चालू असते. म्हणून या पुस्तिकेतला पहिला नियम असा की दुवा दाबताच फीत आपोआप थांबली पाहिजे, आणि माहिती बंद करताच त्याच सेकंदाला पुन्हा सुरू झाली पाहिजे.

पडद्यावरच्या चित्रपटाला प्रेक्षकाने मधेच काही सांगावं ही हौस तशी जुनी. १९६७ साली माँट्रिअलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या मंडळींनी ‘किनोऑटोमॅट’ आणला. खुर्च्यांना बटणं, मधूनमधून चित्रपट थांबणार, पुढे काय व्हावं यावर सभागृहाने मत द्यायचं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६५ मध्ये, टेड नेल्सन यांनी एका शोधनिबंधात ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द छापला. त्याच निबंधात ‘हायपरफिल्म’ हाही शब्द आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. म्हणजे दुवे असलेला मजकूर आणि दुवे असलेली फीत ही जुळी भावंडं. एक जगभर फिरलं, दुसरं अजून रांगतंय.

मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटतो तो अ‍ॅस्पेनचा प्रयोग. १९७८ च्या सुमारास एमआयटीच्या मंडळींनी कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेन या छोट्या गावाच्या रस्त्यांवरून कॅमेरे बसवलेली गाडी फिरवली, ठरावीक अंतरावर एकेक चित्र टिपलं आणि सगळं गाव व्हिडिओ तबकडीवर घातलं. बघणारा पडद्याला बोट लावून डावीकडे वळे, उजवीकडे वळे. काही इमारतींच्या दर्शनी भागाला बोट लावलं की आत जाता येई. तोच रस्ता उन्हाळ्यात बघायचा की हिवाळ्यात, हेही बघणारा ठरवी. मावशीला दुसरं काय हवं होतं? भिंतीला बोट लावायचं आणि आत जायचं. फक्त अ‍ॅस्पेनसाठी खोलीभर यंत्रं लागली, आणि मावशीचा फोन तिच्या ब्लाउजच्या खिशात मावतो.

मधल्या काळाबद्दल फार लिहीत नाही. क्विकटाइम आलं, फ्लॅश आलं, दोन्हींत चित्राला दुवे जोडायची सोय होती. २०२० च्या ३१ डिसेंबरला फ्लॅशचा आधार काढून घेतला गेला आणि त्यात बांधलेलं बरंच काही त्याच्याबरोबर गेलं.

यूट्यूबची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण माझ्या आग्रहाचं मूळ तिथे आहे. जून २००८ मध्ये यूट्यूबने ‘अ‍ॅनोटेशन’ ही सोय दिली. चालत्या व्हिडिओवर चौकोन काढा, त्यात अक्षरं लिहा, तो दुसऱ्या व्हिडिओला जोडा. लोकांनी त्यातून कोडी केली, ‘पुढे काय ते तुम्ही ठरवा’ थाटाच्या गोष्टी केल्या, शिकवण्यांत चुका दुरुस्त केल्या. काहींनी अर्थात सगळा पडदा ‘सबस्क्राईब करा’च्या चिठ्ठ्यांनी झाकून टाकला, तेही खरं. या चिठ्ठ्या मोबाइलवर चालत नव्हत्या, आणि बघणारे तर मोबाइलकडे निघाले होते. मार्च २०१५ मध्ये ‘कार्ड’ आली, पुढच्या वर्षी ‘एंड स्क्रीन’. २ मे २०१७ पासून नवी चिठ्ठी लिहिणं बंद झालं आणि १५ जानेवारी २०१९ पासून जुन्याही दिसेनाशा झाल्या. काही हौशी मंडळींनी त्याआधी रात्रंदिवस राबून जमेल तेवढ्या चिठ्ठ्या उतरवून ठेवल्या, म्हणून त्यांचा काही मागमूस तरी राहिलाय.

त्या काळातल्या फिती आजही लागतात. माणूस कॅमेऱ्याकडे बघून हसतो, उजवीकडे हवेत बोट दाखवतो आणि सांगतो, “इथे दाबा.” तिथे काहीच नाही. मागची भिंत आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

आता आग्रह. चित्रफीत वेगळी ठेवा आणि दुव्यांची वही वेगळी ठेवा. दुवे फितीच्या पोटात कोरू नका, आणि जिथे फीत चढवली त्या मालकाच्या कपाटातही एवढी एकच प्रत ठेवू नका. वही तुमची, तुमच्या संगणकावर, साध्या मजकुराच्या स्वरूपात. तीत कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत, पडद्याच्या कोणत्या भागात, काय शब्द आणि कुठला पत्ता, एवढं लिहिलेलं असलं की उद्या फीत कुठेही हलवा, वही तिच्याबरोबर चालेल.

हे पटायला अंबरनाथचं देऊळच पुरेसं आहे. स्टेशनच्या पूर्वेला, वालधुनीच्या काठी. (वालधुनीचा वास व्हिडिओत येत नाही, हा व्हिडिओचा गुण की दोष ते ज्याने त्याने ठरवावं.) उत्तरेकडच्या दारापाशी तुळईवर एक शिलालेख आहे. संस्कृत, नागरी लिपी. एकोणिसाव्या शतकात तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचला, आणि शकाचं वर्ष ७८२ असं लावलं. म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि पहिला आकडा सात नसून नऊ आहे असं दाखवलं. शके ९८२, इसवी सन १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. एका अंकात देऊळ दोनशे वर्षांनी तरुण झालं. पुढे महामहोपाध्याय मिराशींनी शिलाहारांचे सगळे कोरीव लेख एकत्र संपादले, तेव्हा हेच वर्ष कायम झालं.

समजा, भाऊ दाजींच्या काळात व्हिडिओ असता आणि कोणी उत्साहाने चित्रावरच मोठ्या अक्षरांत ‘इ. स. ८६०’ असं छापून टाकलं असतं. ती फीत आज प्रत्येक फोनवर फिरत असती आणि भगवानलालांना कोणी विचारलं नसतं. तेच ते अक्षर चित्राच्या बाहेर, वहीतल्या एका ओळीत असतं, तर एक अंक खोडून दुसरा लिहायला पाच सेकंद लागले असते. दगड तोच राहिला, वाचन बदललं. आपली फीत म्हणजे दगड समजा. तिच्यावर कमीत कमी कोरा.

१८६८ मध्ये सरकारी हुकमाने मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टची मंडळी या देवळात आली होती. त्यांनी रेखाचित्रं काढली, छायाचित्रं घेतली, शिल्पांचे साचे उतरवले. मला त्या लोकांचा हेवा वाटतो. एकेका मूर्तीसमोर ते किती तास बसले असतील! मी ट्रायपॉड लावायची परवानगी कुठे, कोणाकडे, कोणत्या नमुन्यात मागायची याचे हेलपाटे घालून शेवटी हातातच कॅमेरा धरून फिरलो, आणि घरी येऊन टाइमलाइनवर बघतो तर एकही शॉट पाच सेकंद स्थिर नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कोपर पोटाशी आवळून, श्वास धरून, मनात आकडे मोजत उभा राहिलो. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. तिथे कॅमेरा नेला नाही. ती जागा बघायची नसून बसायची आहे, असं मावशी म्हणते, आणि तिच्याशी या बाबतीत मी वाद घालत नाही.

आता वहीतली एक ओळ जवळून दाखवतो, म्हणजे नुसत्या उपदेशावर भागवलं असं व्हायला नको. बारा मिनिटांच्या फितीत दोन मिनिटं दहा सेकंदांनी कॅमेरा एका कोनाड्याशी येतो आणि दोन अठरापर्यंत तिथे राहतो. आठ सेकंद. मूर्ती पडद्याच्या डाव्या कडेपासून साधारण ३५ टक्के अंतरावर सुरू होते, वरून २० टक्क्यांवर, रुंदी ३० टक्के. मी हे सगळं टक्क्यांत लिहितो, पिक्सेलमध्ये नाही, कारण तीच फीत मावशी बोटभर पडद्यावर बघणार आणि माझा पुण्याचा भाचा भिंतीएवढ्या टीव्हीवर. वहीत मग हे आकडे, त्यापुढे दिसायचे शब्द, आणि शेवटी पत्ता. एवढीच ओळ. अशा चाळीस ओळी झाल्या की देऊळ पुरं झालं.

ही वही लिहायची एक ठरलेली पद्धत आहे, तिला वेबव्हीटीटी म्हणतात. मुळात ती उपशीर्षकांसाठी आहे. पण तिच्या खणांत उपशीर्षकांच्या जागी दुव्यांचा तपशील भरला तरी ब्राउझरला त्याचं काही वाटत नाही. तो फीत चालू असताना वही बघत राहतो, दोन-दहा झाले की तुमच्या पानाला खूण करतो, तुमचं पान चौकोन दाखवतं. दोन-अठरा झाले की चौकोन जातो. दुसरी एक सोय तर इतकी साधी आहे की लोक तिच्याकडे बघतच नाहीत. वेबच्या मानकांचं काम पाहणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीने सप्टेंबर २०१२ मध्ये ठरवून दिलेल्या रीतीप्रमाणे, फितीच्या पत्त्याच्या शेवटी ‘हॅश टी बरोबर १३०’ एवढं जोडलं की फीत थेट १३० व्या सेकंदापासून, म्हणजे दोन-दहापासून, सुरू होते. नातवाने आजीला मूर्ती दाखवायची तर बारा मिनिटं पुढे-मागे ओढत बसायला नको.

चौकोनाच्या मापाबद्दल भांडण नको म्हणून आकडा देतो. अ‍ॅपलच्या सूचनेत बोट लावायची जागा निदान ४४ बिंदूंची असावी असं आहे, गूगलच्या सूचनेत ४८. मावशीच्या अंगठ्यासाठी मी आणखी मोठी ठेवली. वेळेबद्दल मात्र कोणाचा आकडा घेतला नाही. आमच्या चाळीतल्या सहा जणांना फीत दाखवली. चौकोन दिसला, तो काय आहे ते कळलं, हात उठला, बोट टेकलं, एवढ्याला म्हाताऱ्यांना सहा-सात सेकंद लागतात आणि पोरांना दोन. मी आठ धरले. पोरं कंटाळली तर कंटाळोत.

एक ठेच सांगून ठेवतो, कारण ती प्रत्येकाला लागते. सगळं मनासारखं झालं, फीत चालते, चौकोन दिसतो, दाबला की माहिती उघडते. मग कोणी तरी व्हिडिओ पूर्ण पडदाभर करतो, आणि चौकोन गायब. कारण सोपं आहे: तुम्ही पडदाभर केलीत ती फक्त फीत, चौकोन तिच्या बाहेरच्या पेटीत राहिला. पडदाभर करायची ती दोघांना पोटात घेतलेली पेटी. आयफोनवर तर बरीच वर्षं फीत लावली की ती आपोआप पडदाभरच व्हायची, आणि वर काही ठेवायची सोयच नव्हती. २०१६ च्या आयओएस १० पासून पानातल्या पान चालवता येऊ लागली.

यूट्यूबवरच राहायचं असेल तर हात आखडून चालावं लागतं. एका व्हिडिओत पाच कार्ड, शेवटच्या पाच ते वीस सेकंदांत एंड स्क्रीन, वर्णनात दुवे आणि वेळांची यादी. बाहेरच्या संकेतस्थळाचा दुवा थेट चित्रात द्यायचा तर भागीदार कार्यक्रमात असावं लागतं. शॉर्ट्सच्या वर्णनातले आणि प्रतिक्रियांतले दुवे ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून दाबले जात नाहीत. फसवणुकीला आळा घालण्यासाठी ते केलं, असं कारण दिलं गेलं, आणि कारण खोटं नाही. म्हणून तर प्रत्येक जण ‘खाली डिस्क्रिप्शनमध्ये लिंक दिली आहे’ हे वाक्य धृपदासारखं घोळवतो. खाली म्हणजे कुठे, हे मावशीला अजून सापडलेलं नाही.

फसवणुकीवरून आठवलं. मंदिराच्या पहिल्या फितीसाठी मी एक छोटं संकेतस्थळ घेतलं होतं. नाव छान होतं, वर्षाचं भाडं किरकोळ. दोन वर्षं भरलं, तिसऱ्या वर्षी आठवणीचा ईमेल नको त्या टपालात गेला आणि मी विसरलो. चूक सर्वस्वी माझी. काही महिन्यांनी उल्हासनगरच्या एका शिक्षिकेचा फोन आला. आवाज अवघडलेला. “सर, वर्गात तुमचा व्हिडिओ लावला होता. नंदीवर दाबलं तर पत्ते आले.” मला आधी वाटलं कागदपत्रांवरचे पत्ते. ते रमीचे होते. माझं सुटलेलं नाव दुसऱ्या कोणी उचललं होतं, आणि चौथीची पोरं नंदीवर बोट ठेवून जुगाराच्या दारात उभी होती.

दुवे फितीतच पक्के बसवलेले असते तर ती फीत काढून टाकण्याखेरीज उपाय नव्हता. माझ्या वहीत नंदीच्या चार ओळी होत्या. त्याच रात्री पत्ते बदलले, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्ग पुन्हा घेतला. तेव्हापासून दर पाडव्याला मी वही उघडतो आणि प्रत्येक दुवा स्वतः दाबून बघतो. गुढी उभारून झाली की हे काम. घरातले हसतात.

उल्हासनगरचा उल्लेख आलाच आहे तर तिथल्या बाजाराचं एक सांगतो. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या लोकांनी लष्करी छावणीच्या बराकींत हे शहर उभं केलं आणि व्यापार त्यांच्या हाडात आहे. आज कापडाच्या दुकानात गेलात तर गादीवर एक मुलगी फोनसमोर साडी उलगडत असते. पदर दाखवते, काठ दाखवते, भाव सांगते, आणि प्रत्येक साडीनंतर म्हणते, “आवडली तर स्क्रीनशॉट मारा आणि खालच्या नंबरवर पाठवा.” मी हे ऐकून थबकलो. हा दुवाच तर आहे! चालत्या चित्रातला एक क्षण पकडायचा, त्यावर बोट ठेवायचं आणि ‘हे’ म्हणून पुढे पाठवायचं. यंत्राने सोय दिली नाही तर गिऱ्हाइकाने आणि दुकानदाराने मिळून ती करून घेतली. व्हॉट्सअ‍ॅपवर रात्रभर हिरव्या साड्यांचे तेवढेच हिरवे स्क्रीनशॉट येऊन पडतात आणि सकाळी एक पोरगा बसून कोणती कोणाची ते लावतो. त्या पोराचं काम वाचवणारं एक अख्खं प्रकरण आत आहे. दुकानदारांनी सरळ तिकडेच जावं, प्रस्तावना वाचलीच पाहिजे असं नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की दुव्यामागे तुम्हाला पैसे मिळत असतील तर तसं तिथेच, दिसेल असं सांगावं लागतं. ग्राहक व्यवहार खात्याच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. मी त्या सोप्या मराठीत उतरवल्या आहेत.

मराठीत काम करणाऱ्याची आणखी एक डोकेदुखी. पत्ता देवनागरीत असला की ब्राउझरमध्ये कसा छान दिसतो! तोच उचलून दुसरीकडे चिकटवला की टक्क्याच्या चिन्हांची आणि रोमन अक्षरांची एक लांबलचक अळी होते. ‘अंबरनाथ’ या एवढ्याशा नावात अनुस्वार आणि काना धरून सात चिन्हं आहेत. पत्त्यात प्रत्येकाची नऊ अक्षरं होतात, म्हणजे त्रेसष्ट. मावशीने हे बघून फोनला रोग झालाय असं ठरवलं होतं. म्हणून दुव्याचा पत्ता कधीही उघडा दाखवू नका. त्याच्या जागी शब्द ठेवा, आणि तेही ‘येथे क्लिक करा’ असे नकोत. ‘शिलालेख काय म्हणतो’, ‘नंदी दोन का?’ असे ठेवा. दार कुठे उघडतं हे दारावर लिहिलेलं असावं.

मूर्तींची ओळख लिहिताना जुन्या गॅझेटिअरपासून कुमुद कानिटकरांच्या या देवळावरच्या ग्रंथापर्यंत जे मिळालं ते चाळलं. सगळ्यांचं सगळीकडे एकमत नाही, आणि जिथे नाही तिथे मी दोन दुवे दिले आहेत. हे फितीत जमतं, दगडावर जमलं नसतं. फीत तपासायला बसलेले चाळीतले सहा जण, वर्गात नाचक्की होऊनही मला प्रेमाने फोन करणाऱ्या बाई, आणि गादीवर बसवून चहा पाजणारे दुकानदार, या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

वहीत एक ओळ अजून रिकामी आहे. सात मिनिटं चाळीस सेकंद ते सात बावन्न. मागच्या बाजूचा कोनाडा, पावसाने झिजलेली मूर्ती, चेहरा नाही, हात किती होते ते मोजता येत नाही. वेळ लिहिलीय, जागा लिहिलीय, शब्द आणि पत्ता कोरे आहेत. परवा मावशीला नवी फीत दाखवली. चाळीसपैकी एकोणचाळीस ठिकाणी बोट ठेवलं की उघडत होतं. ती नेमकी त्या झिजलेल्या मूर्तीवर थांबली, बोट ठेवलं, पुन्हा ठेवलं, आणि चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहिली.

अंबरनाथ (पूर्व)
गुढीपाडवा